ठिपका, कण आणि पिक्सेल : वन्यजीव छायाचित्रांची छाटणी व मुद्रणगुणवत्ता यांचा ऐतिहासिक अभ्यास (नाशिकच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

छायाचित्र हे इतिहासलेखनाचे एक साधन आहे, ही गोष्ट आता सर्वमान्य झाली आहे. तथापि कागदावर छापलेले छायाचित्र आणि कॅमेऱ्याने टिपलेले मूळ छायाचित्र यांत अंतर असते, याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. छपाईपूर्वी छायाचित्राच्या कडा छाटल्या जातात, उरलेला भाग मोठा केला जातो आणि मग तो छपाईच्या यंत्राला मानवेल अशा ठिपक्यांत रूपांतरित होतो. वन्यजीवांच्या छायाचित्रांत या क्रियेला विशेष महत्त्व आहे. पक्षी किंवा प्राणी माणसापासून दूर राहतो, त्यामुळे चौकटीत तो लहान येतो. त्याला ठळक करण्यासाठी छायाचित्रकार भोवतालचा भाग काढून टाकतो. छायाचित्रकारांच्या बोलीत याला 'क्रॉप करणे' असे म्हणतात. प्रस्तुत शोधनिबंधात यासाठी 'छाटणी' हा शब्द योजला आहे.

या विषयाच्या अभ्यासासाठी नाशिक जिल्हा अनेक कारणांनी उचित ठरतो. छायाचित्राचे छापील ठिपक्यांत रूपांतर करण्याची कला आत्मसात करणारे धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. भारतातील अत्यंत सूक्ष्म मुद्रणाचे केंद्र असलेले भारत प्रतिभूती मुद्रणालय नाशिकरोड येथे आहे. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे पाणपक्ष्यांचे अभयारण्य तर पक्षी-छायाचित्रकारांचे परिचित स्थान आहे. मुद्रण, सूक्ष्मता आणि वन्यजीव हे तीनही धागे एकाच जिल्ह्यात एकत्र येतात.

अभ्यासाची उद्दिष्टे

1. छायाचित्राच्या छाटणीवर मुद्रणतंत्राने घातलेल्या मर्यादांचा ऐतिहासिक मागोवा घेणे.
2. डिजिटल छायाचित्रणात छाटणी व मुद्रणगुणवत्ता यांचा संबंध स्पष्ट करणे.
3. नांदूर मध्यमेश्वरच्या संदर्भात छाटणीचे पर्यावरणीय व ऐतिहासिक परिणाम तपासणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून आवश्यक तेथे साध्या गणिताचा आधार घेतला आहे.

हाफटोन तंत्र आणि फाळके

छायाचित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत असंख्य छटा असतात. छपाईच्या यंत्राला मात्र दोनच गोष्टी करता येतात, शाई लावणे किंवा न लावणे. या अडचणीवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाफटोन तंत्राने मार्ग काढला. जर्मनीत गेओर्ग माइझेनबाख यांनी 1882 मध्ये या तंत्राचे पेटंट घेतले. पुढे अमेरिकेत आडव्या-उभ्या रेषा कोरलेल्या काचेच्या जाळ्या तयार होऊ लागल्या. अशा जाळीतून छायाचित्र पुन्हा टिपले की त्याचे लहानमोठ्या ठिपक्यांत विघटन होते. गडद भागात ठिपके मोठे, उजळ भागात लहान. दूरून पाहताना डोळा त्यांना सलग छटा समजतो. एका इंचात ठिपक्यांच्या किती ओळी बसतात यावरून जाळीचा दर्जा ठरतो. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदाला साधारण 85 ते 100 ओळींची जाळी मानवते, तर गुळगुळीत आर्ट पेपरवर 150 ओळींची जाळी वापरता येते.

फाळके यांचे चित्रपटपूर्व जीवन या तंत्राशी निगडित होते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टनंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. तेथे छायाचित्रण आणि मुद्रणाच्या प्रक्रिया त्यांच्या हाताखालून गेल्या. गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय आणि पुरातत्त्व खात्यातील नोकरी यांनंतर त्यांनी लोणावळ्यात 'फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स' हा छापखाना काढला. पुढे मुंबईत दादर येथे तो 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' या नावाने चालला. तिरंगी छपाईची यंत्रसामग्री व तंत्र पाहण्यासाठी 1909 मध्ये ते जर्मनीला गेले. एक रंगीत चित्र छापण्यासाठी तीन स्वतंत्र ठसे तयार करणे आणि ते कागदावर तंतोतंत जुळविणे हे काम अत्यंत काटेकोर होते. ठसे तयार करणाऱ्या कारागिराला मूळ छायाचित्राचा कोणता भाग घ्यावयाचा आणि तो किती मोठा करावयाचा, याचा निर्णय कामाच्या प्रारंभीच घ्यावा लागे. जाळीचे ठिपके पडल्यानंतर ठसा मोठा करता येत नसे. केल्यास ठिपकेही मोठे होत आणि चित्र विस्कटून जाई.

आज डिजिटल छायाचित्रकारासमोर उभा राहणारा प्रश्न तत्त्वतः हाच आहे. चित्र एकदा मर्यादित संख्येच्या घटकांत विभागले गेले की त्यातील तपशील वाढविता येत नाही. फक्त घटकांचा आकार वाढविता येतो.

निसर्गाच्या चित्रणाशी फाळके यांचा आणखी एक संबंध नोंदविण्याजोगा आहे. 1912 मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी दिवसागणिक थोडी थोडी टिपून एक लघुपट तयार केला होता. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. त्याच वर्षी त्यांनी आपले बिऱ्हाड नाशिकला हलविले. नाशिक येथेच 16 फेब्रुवारी 1944 रोजी त्यांचे निधन झाले.

नाशिकरोडचे मुद्रणालय : सूक्ष्मतेचा दुसरा मार्ग

ब्रिटिश भारताची टपाल तिकिटे दीर्घकाळ लंडनमधील डी ला रू या कंपनीकडून छापून येत असत. नाशिकरोड येथे मुद्रणालय सुरू झाल्यानंतर 1926 पासून ती येथे छापली जाऊ लागली. 1 ऑक्टोबर 1952 रोजी प्रसिद्ध झालेली संत व कवी यांच्यावरील मालिका फोटोग्रॅव्ह्युअर पद्धतीने येथे छापलेली पहिली मालिका होय. त्यानंतर 1963 मध्ये वन्यजीव संरक्षणाचा विषय घेऊन गवा, तांबडा पांडा, हत्ती, वाघ व सिंह यांची तिकिटे निघाली.

फोटोग्रॅव्ह्युअर पद्धतीत तांब्याच्या दंडगोलावर सूक्ष्म खळगे कोरले जातात. खळगा खोल असेल तेथे शाई अधिक बसते व छटा गडद येते. येथे छटा शाईच्या थराच्या जाडीवरही अवलंबून असल्याने हाफटोनपेक्षा अधिक मुलायम परिणाम साधतो. दोन-तीन सेंटिमीटरच्या तिकिटावर वाघाचे पट्टे स्पष्ट उमटावेत यासाठी विषयाची चौकट घट्ट आवळावी लागते. तिकिटावर विस्तीर्ण अरण्य दाखविणे व्यवहार्य नसते. छापील आकार जितका लहान, तितकी छाटणी कठोर, हा नियम येथे स्पष्ट दिसतो. मोठ्या आकाराच्या मुद्रणात मात्र हीच छाटणी घातक ठरते. छाटणी योग्य की अयोग्य हे अंतिम छपाईच्या आकाराशिवाय ठरविता येत नाही.

काचेची प्लेट ते फिल्म : छाटणीच्या वावाचा संकोच

वन्यजीव छायाचित्रणाच्या प्रारंभीच्या काळात मोठ्या आकाराच्या काचेच्या प्लेट्स वापरात होत्या. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांची रात्रीच्या वन्यप्राण्यांची छायाचित्रे जुलै 1906 च्या 'नॅशनल जिऑग्राफिक'मध्ये प्रसिद्ध झाली. भारतात वन अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघाच्या वाटेवर तार लावून, त्याच्याच पावलाने झापड उघडेल अशी योजना करून छायाचित्रे घेतली. त्यांचे 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हे पुस्तक 1927 मध्ये निघाले. या पद्धतीत प्राणी चौकटीत नेमका कोठे येईल हे आधी सांगता येत नसे. म्हणून नंतर छाटणी करण्याची सोय असणे आवश्यक होते. मोठ्या प्लेटमुळे ती मिळे.

याची कल्पना आकड्यांवरून येते. हाफ-प्लेट आकाराच्या काचेचे माप पावणेपाच बाय साडेसहा इंच असे. 1925 मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने रूढ केलेल्या 35 मि.मी. फिल्मची चौकट 24 बाय 36 मि.मी. होती. हाफ-प्लेटचे क्षेत्रफळ या चौकटीच्या सुमारे 23 पट भरते. लहान कॅमेरा जंगलात सहज नेता येऊ लागला, लांब पल्ल्याची भिंगे लावता येऊ लागली. परंतु छाटणीला उपलब्ध असलेला वाव झपाट्याने आकसला. एन्लार्जरखाली निगेटिव्हचा लहानसा भाग मोठा केला की रुप्याचे कण उघडे पडत. पिसांच्या जागी वाळू पसरल्यासारखी दिसे. कमी उजेडासाठी अधिक वेगाची फिल्म वापरली की कण आणखी जाड होत.

पक्षी ओळखण्याच्या मार्गदर्शक पुस्तकांत चित्रकाराने रंगविलेली चित्रे दीर्घकाळ टिकून राहिली, यामागे अन्य कारणांबरोबर ही मर्यादाही होती. सलीम अली यांच्या 1941 मधील 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' या ग्रंथाची भिस्त रंगविलेल्या चित्रांवर आहे. चित्रकार पक्ष्याला हवा तेवढा मोठा काढू शकतो. छायाचित्रकाराला ती मुभा निगेटिव्हच्या मर्यादेतच मिळते.

पिक्सेलचा हिशेब

डिजिटल छायाचित्रणाने ही मर्यादा नष्ट केली नाही, मात्र ती मोजता येईल अशी केली. फिल्मवरील कण अनियमित असतात. पिक्सेल मात्र ओळीने मांडलेले व संख्येने निश्चित असतात. 1999 मध्ये निकॉन डी-1 हा व्यावसायिक कॅमेरा आला तेव्हा त्याच्या चित्रात 2000 बाय 1312 पिक्सेल होते. 2003-04 मध्ये सहा मेगापिक्सेलचे कॅमेरे हौशी छायाचित्रकारांच्या आवाक्यात येऊ लागले. त्यांपैकी निकॉन डी-70 चे चित्र 3008 बाय 2000 पिक्सेलचे होते. 2019 मधील सोनी अल्फा 7 आर 4 या कॅमेऱ्यात हीच संख्या 9504 बाय 6336 झाली.

छपाईसाठी इंचाला 300 पिक्सेल हवेत, हा छापखान्यातील प्रचलित नियम आहे. त्याचे मूळ हाफटोन जाळीत आहे. आर्ट पेपरवरील 150 ओळींच्या जाळीसाठी प्रत्येक ओळीमागे दोन पिक्सेल धरले की 300 ही संख्या मिळते. यावरून हा नियम सार्वत्रिक नाही हे उघड होते. 100 ओळींच्या जाळीने छापल्या जाणाऱ्या वर्तमानपत्राला 200 पिक्सेल पुरतात. मानवी दृष्टीचा विचार केला तरी जवळपास हाच आकडा येतो. निरोगी डोळा कोनाच्या सुमारे एका कलेपर्यंतचा तपशील वेगळा ओळखतो. 30 सेंटिमीटर अंतरावरून वाचताना हे प्रमाण इंचाला सुमारे 290 घटक इतके भरते. एक मीटर अंतरावरून पाहावयाच्या भित्तिपत्रकाला त्याच न्यायाने 90 च्या आसपास पुरतात. पुस्तकातील पान आणि प्रदर्शनातील भित्तिपत्रक यांना एकच निकष लावणे म्हणूनच अशास्त्रीय ठरते.

छाटणीचा हिशेब करताना आणखी एक चूक वारंवार होते. चौकटीची रुंदी व उंची निम्मी केली तर पिक्सेल निम्मे उरत नाहीत, ते एक चतुर्थांश उरतात. सहा मेगापिक्सेलचे पूर्ण चित्र इंचाला 300 प्रमाणे सुमारे 10 बाय पावणेसात इंच छापता येते. दोन्ही बाजू निम्म्या केल्यास उरलेले दीड मेगापिक्सेलचे चित्र 5 बाय 3.3 इंचांपर्यंतच समाधानकारक येते. 61 मेगापिक्सेलच्या चित्रावर तीच छाटणी केली तरी पावणेसोळा बाय साडेदहा इंचांची छपाई शक्य होते.

संगणकावर फाइलमधील 'इंचाला 72' हा आकडा बदलून 300 केल्याने गुणवत्ता वाढते, असा समज महाविद्यालयीन प्रकाशनांच्या कामातही आढळतो. पिक्सेलची एकूण संख्या तीच ठेवून हा आकडा बदलला तर केवळ छपाईचा आकार बदलतो. संख्या वाढविली तर संगणक शेजारच्या पिक्सेलवरून मधले पिक्सेल अंदाजाने भरतो. दोन्ही प्रकारांत नवा तपशील निर्माण होत नाही. जेपीईजी फाइल प्रत्येक वेळी बदलून साठविल्यास संकोचनामुळे तपशील घटत जातो. म्हणून छाटणी मूळ रॉ फाइलवर, एकदाच आणि शेवटच्या आकाराचा विचार करून करणे हिताचे असते. तीव्रता वाढविण्याची प्रक्रियाही छाटणीनंतर, छपाईच्या आकारात आणून मगच करावी लागते.

2021 च्या सुमारास यांत्रिक शिक्षणावर आधारित आकारवर्धनाची साधने सामान्य संपादन-प्रणालींत उपलब्ध झाली. ही साधने असंख्य चित्रांच्या अनुभवावरून 'येथे पीस असावे' असा अंदाज करून तपशील रचतात. शोभेच्या छपाईला ते चालून जाईल. पण पिसांवरील सूक्ष्म रेघांवरून दोन सदृश जाती वेगळ्या ओळखावयाच्या असतील, तर असे चित्र पुरावा म्हणून ग्राह्य धरणे धोक्याचे आहे.

नांदूर मध्यमेश्वर : अंतर, पक्षी आणि छाटणी

गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या प्रारंभी सिंचनासाठी बंधारा बांधण्यात आला. पाण्याबरोबर आलेला गाळ साचत गेला, उथळ पाणथळ व बेटे तयार झाली आणि पाणवनस्पतींच्या आधाराने पक्षी येऊ लागले. 1986 मध्ये या क्षेत्राला अभयारण्याचा दर्जा मिळाला. 'महाराष्ट्राचे भरतपूर' या नावाने ते ओळखले जाते. रामसर यादीत समावेश झालेले हे महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र ठरले. हिवाळ्यात येथे चक्रवाक, थापट्या, तलवार बदक यांसारखे स्थलांतरित पक्षी येतात. जांभळी पाणकोंबडी, चमचा, चित्रबलाक हेही येथे पाहावयास मिळतात.

येथे छाटणीचा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. सुमारे 45 सेंटिमीटर लांबीची जांभळी पाणकोंबडी 60 मीटर अंतरावर आहे आणि छायाचित्रकाराजवळ 400 मि.मी.चे भिंग आहे असे मानू. संवेदकावर तिची प्रतिमा 3 मि.मी. लांबीची पडेल. 2004 मधील सहा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ती सुमारे 380 पिक्सेल व्यापेल. इंचाला 300 प्रमाणे छपाईत पक्षी सव्वा इंचाचा होईल. तो अडीच इंचाचा हवा असेल तर 30 मीटरपर्यंत जवळ जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. पंधरा वर्षांनंतरच्या 61 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात त्याच भिंगाने, त्याच 60 मीटरवरून पक्षी सुमारे 800 पिक्सेल व्यापतो. पिक्सेलची घनता दुप्पट झाल्याने छायाचित्रकाराला दुप्पट अंतरावर राहून तेवढीच छपाई साधता येते.

हा लाभ अर्थातच बिनशर्त नाही. दुपारच्या उन्हात पाण्यावरून उठणारी गरम हवेची थरथर, हाताचा सूक्ष्म कंप, भिंगाची मर्यादा आणि कमी उजेडातील रवाळपणा यांमुळे प्रत्यक्ष तपशील गणितापेक्षा कमी भरतो. छाटणीने हे सर्व दोषही मोठे होतात. म्हणूनच सकाळचा स्थिर काळ, तिवईचा वापर आणि निरीक्षण मनोऱ्यावरील संयम यांची जागा पिक्सेल घेऊ शकत नाहीत.

तथापि पक्ष्याच्या दृष्टीने पाहता हे 30 मीटरचे अंतर निर्णायक असते. माणूस जवळ आला की विश्रांती घेणारा थवा उडतो. लांबच्या प्रवासानंतर साठवलेली ऊर्जा त्यात खर्च होते. घरट्यावरील पक्षी उठला तर अंडी उघडी पडतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देण्याचाही समावेश आहे, ही बाब अनेक हौशी छायाचित्रकारांना ठाऊक नसते. सव्वा इंचाच्या स्वच्छ छपाईवर समाधान मानणे, हा अशा वेळी कलेतील कमीपणा ठरत नाही. ते कायद्याचे आणि निसर्गाचेही पालन आहे.

छाटणी आणि ऐतिहासिक सत्य

इतिहासाच्या दृष्टीने छाटणीची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. नांदूर मध्यमेश्वर हे मानवनिर्मित पाणथळ क्षेत्र आहे. बंधारा, कालवे, उसाची शेते, मासेमारीची जाळी आणि काठावरची गावे या सर्वांसह ते अस्तित्वात आले व टिकले. पक्ष्याभोवतीचा भाग छाटताना हेच घटक प्रथम चौकटीबाहेर जातात. उरते ते निळे पाणी आणि एकाकी पक्षी. अशी छायाचित्रे पुस्तकांतून व दिनदर्शिकांतून वारंवार छापली गेली की हे क्षेत्र मानवस्पर्शापासून मुक्त होते, असा समज वाचकाच्या मनात रूढ होतो. उद्या या पाणथळीच्या व्यवस्थापनाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास, पाण्याची पातळी, गाळाची बेटे आणि शेतीची सीमा दाखविणारे पुरावे छाटलेल्या कडांबरोबर नाहीसे झालेले असतील.

अमेरिकेतील पीएसए, आंतरराष्ट्रीय फियाप व ब्रिटनची आरपीएस या संस्थांच्या संयुक्त व्याख्येनुसार निसर्ग छायाचित्रात कोणताही घटक जोडणे, हलविणे किंवा पुसणे वर्ज्य आहे. छाटणी मात्र मान्य आहे. स्पर्धेच्या दृष्टीने ही विभागणी योग्य आहे, कारण छाटणी खोटे असे काही रचत नाही. परंतु जे वगळले ते सांगितले नाही तर पुरावा अपुरा राहतो. अपुरा पुरावा आणि खोटा पुरावा यांत फरक असला तरी अभ्यासकाला दोन्हींपासून सावध राहावे लागते.

निष्कर्ष

1. छाटणीची मर्यादा हा डिजिटल युगाचा नवा प्रश्न नाही. हाफटोनचा ठिपका, फिल्मवरील कण आणि पिक्सेल या तिन्ही टप्प्यांत तोच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला आहे.
2. इंचाला 300 पिक्सेल हा नियम विशिष्ट जाळी व वाचनाच्या अंतराशी बांधलेला आहे. छाटणीचा निर्णय छपाईचा आकार, कागद व पाहण्याचे अंतर ठरवून मगच घेतला पाहिजे.
3. फाइलमधील आकडा बदलून किंवा कृत्रिम आकारवर्धन करून मूळ तपशील परत मिळत नाही. जाती-ओळखीसाठी अशी चित्रे पुरावा मानू नयेत.
4. वाढलेल्या पिक्सेलसंख्येचा खरा उपयोग पक्ष्यापासून अधिक अंतर राखण्यासाठी व्हावा.
5. महाविद्यालयीन प्रकल्प, भित्तिपत्रके व संशोधनपत्रिका यांतून वन्यजीव छायाचित्र प्रसिद्ध करताना छाटणी केल्याचा उल्लेख चित्राखाली करावा आणि न छाटलेली मूळ प्रत स्थळ व दिनांकासह विभागाच्या संग्रहात जतन करावी.

ठसे बनविणाऱ्या कारागिराला जाळी लावण्यापूर्वीच चित्राची चौकट ठरवावी लागे, कारण नंतर दुरुस्तीला वाव नसे. डिजिटल साधनांनी हा निर्णय कितीही वेळा बदलण्याची सोय दिली. त्यामुळे तो विचारपूर्वक घेण्याची सवय मात्र शिथिल झाली. गोदाकाठच्या पाणथळीचे चित्र पुढील पिढीच्या हाती देताना ती सवय पुन्हा अंगी बाणविणे अगत्याचे आहे.